तक्रार, रुग्णाच्या शब्दांत

सिस्टरांच्या घरात खोली मिळवायची तर एकच अट होती, आणि ती भाड्याविषयी नव्हती. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं नाही.

मी वसमतला बँकेत नवा लागलो होतो. खोली बघायला माझ्यासोबत बँकेतले एक वडीलधारे सहकारी आले होते. सिस्टरांनी मला विचारलं, जेवणाचं काय करणार. सहकारी म्हणाले, पोरगा साधा आहे, डब्यावर भागवून घेईल. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नर्स लोक छातीशी उलटं टाचून ठेवतात तसलं एक घड्याळ त्यांच्या पदराला होतं. ते बोटांत धरून त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ कुणी काही बोलेना. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं की मला स्वयंपाक येत नाही, डब्यातलं तेल पोटाला सोसत नाही आणि खरं म्हणजे मला त्याचीच काळजी लागली आहे.

"हां," सिस्टर म्हणाल्या. "आता कळलं."

खोली मिळाली. वरच्या मजल्यावरची, गच्चीला लागून. तिथं मी चार वर्षं राहिलो.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. म्हातारे, पोरं, भाजीवाले, सगळ्यांना त्या सिस्टर. यजमान कधीच वारले होते, मुलगी नांदेडला नोकरीला. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली एक लोखंडी पलंग आणि उशाशी रक्तदाब मोजायचं यंत्र. कॉलनीतलं कुणी ना कुणी दंडाची बाही वर करून तिथं बसलेलं असायचं.

नाडी मोजताना त्या पूर्ण एक मिनिट मोजत. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. म्हणायच्या, "बाकीच्या पंचेचाळीस सेकंदांत काय झालं, ते कुनी पाह्यलं?" बोलण्यातही त्यांची हीच रीत. प्रश्न विचारला की त्या मिनिटभर गप्प. समोरच्याला ती शांतता सोसत नसे. तो आधी काहीतरी वरवरचं बोले, मग थांबे, आणि मग खरं बाहेर येई.

ही सवय नको तिथंही निघायची. एकदा आम्ही दोघं एकाच एसटीनं हिंगोलीला निघालो होतो. मागच्या बाकावर एक आजी आणि त्यांचा नोकरदार नातू. नातवानं कंडक्टरकडे हिंगोलीची दोन तिकिटं मागितली. सिस्टर पुढच्या बाकावरून वळल्या आणि आजींना म्हणाल्या, "तुमाला कुठं जायचंय?" नातू म्हणाला, माझ्यासोबतच आहेत. सिस्टर त्याच्याकडे न बघता थांबून राहिल्या. कंडक्टर ताटकळला. आजी पदराशी चाळा करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, औंढ्याला बहीण आजारी आहे, तिला एकदा बघून जावं वाटतंय. नातवाला हे ठाऊकच नव्हतं. औंढ्याला दोघं उतरले तेव्हा तो सिस्टरांकडे जरा रागानंच बघत होता.

मी एकदा सांगून पाहिलं, की लोकांना आवडत नाही हे. त्या म्हणाल्या, "इंजेक्शन कुनाला आवडतं?"

हे खूळ आलं कुठून, ते मला त्यांनी सांगितलं नाही. दवाखान्यातल्या एका जुन्या कंपाउंडरनं सांगितलं. त्या नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळी बैलगाडीत घालून एक नवी नवरी आणली होती. सासू सांगत होती, शिळं खाल्लं, पोटात दुखतंय. दीर सांगत होता, नाटकं आहेत, माहेरी जायचंय. डॉक्टरांनी पोटदुखीचं लिहून दिलं. सिस्टरांनी घरच्यांना बाहेर काढलं आणि मुलीच्या तोंडाजवळ कान नेऊन बसल्या. जीभ जड झाली होती, पापण्या उचलत नव्हत्या. किती वेळानं कोण जाणे, ती पोरगी म्हणाली, झोपेत कानामागं काहीतरी टोचलं. मण्यार होती. मण्यारीच्या दंशाला सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही, पोट मात्र दुखतं. लस मिळाली, पोरगी वाचली. कंपाउंडर म्हणाला, त्या दिवसापासून वॉर्डात सिस्टरांचा एकच हुकूम असायचा: "पेशंटला बोलू द्या."

आता शेजारच्या घराची गोष्ट.

आमची कॉलनी जुन्या सोसायटीनं बांधलेली. दोन-दोन घरं जोडून, मध्ये एकच भिंत. सिस्टरांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर बरेच दिवस रिकामं होतं. ते डोंगरकडा गावच्या एका जोडप्यानं घेतलं. नवराबायको दोघं मोंढ्यात हातगाडीवर खानावळ चालवायचे. हळदीच्या हंगामात हमाल, मापाडी, लांबून आलेले शेतकरी, सगळे त्यांच्याकडे पिठलं-भाकरी खायचे. त्यांचा विचार असा की वरती राहावं आणि खालच्या मजल्यावर हॉटेल काढावं. हे जोडपं बौद्ध होतं. सिस्टरही बौद्ध. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं कॉलनीत जे झालं त्यात हेच एक वाक्य कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

निवासी घराचा वापर बदलायचा तर परवानगी लागते. तसा अर्ज त्यांनी नगरपालिकेत केला आणि घराच्या फाटकावर नोटीस लागली: कुणाला हरकत किंवा सूचना असेल त्यांनी तीस दिवसांत लेखी द्यावी.

चौथ्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष टाइप केलेला अर्ज घेऊन घरोघर फिरले. त्यांचं मोंढ्याजवळ खत-बियाण्याचं दुकान होतं. कॉलनीतली नळाची, दिव्याची कामं तेच करून आणायचे, त्यामुळं त्यांच्या शब्दाला मान होता. अर्जात सगळं होतं. धूर होईल, वास येईल, गर्दी होईल, दारुडे येतील, मुलीबाळींना असुरक्षित वाटेल, वृद्धांचे हाल होतील. म्हणून परवानगी देऊ नये. आणि दिलीच तर घराच्या अंगणाला दहा फूट उंच भिंत बांधायला लावावी.

मी जिन्यातच सही केली. वाचलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी पेन पुढं केलं आणि मी घेतलं, एवढंच.

सिस्टरांनी मात्र चष्मा लावून तो अर्ज उभ्यानं पूर्ण वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, "ह्याच्यात दुखणारा कोन हाय ते दिसंना."

अध्यक्ष हसले. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, त्यांचं बरोबर आहे, त्यांची माणसं आहेत ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी फुलस्केप कागदांना पट्टीनं रेघा मारायला घेतल्या. नाव. वय. तक्रार, रुग्णाच्या शब्दांत. किती दिवसांपासून. कशानं वाढतं. कशानं कमी होतं. खाली सही. दवाखान्यातला केसपेपरच तो. मला वाटलं, कुणाची प्रकृती बिघडली की काय. त्या म्हणाल्या, "अख्ख्या कॉलनीला दुखून राहिलं म्हनतेत. बघावं तर खरं."

पहिला केसपेपर माझा. पलंगावर बसवलं आणि विचारलं, तक्रार काय. मी म्हणालो, तशी काही नाही. मग सही काहून केली? मी गप्प. त्याही गप्प. शेवटी मी म्हणालो, सगळ्यांनी केली म्हणून. त्यांनी तक्रारीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "सगळ्यांनी केली म्हणून." मला वाचून दाखवलं आणि पेन दिलं. माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मी इतकी लाजिरवाणी सही केली नव्हती.

मग त्या तीन आठवडे घरोघर फिरल्या. सकाळचं काम आटोपलं की छत्री आणि कागदांची पिशवी घेऊन निघायच्या. लोक आधी अर्जातलंच बोलायचे. धूर, वास, गर्दी. त्या काही लिहायच्या नाहीत, नुसत्या बसून राहायच्या. चहा व्हायचा, मग बोलणं निघायचं. मागच्या घरातल्या वहिनी गच्चीवर कुरडया वाळवायच्या, त्यांना धुराची खरीच भीती होती. कशानं कमी होईल? धुराडं आमच्या गच्चीच्या वर गेलं तर, त्या म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या घरापुढची नाली आधीच तुंबायची. तिच्यात हॉटेलचं तेलकट पाणी नको, त्याची वेगळी सोय करावी, हे त्या घरच्यांचं म्हणणं. अर्जात ज्या मुलीबाळींची काळजी होती त्यातली एक पोलीस भरतीची तयारी करायची, पहाटे अंधारात पळायला जायची. वडिलांनी तिच्या वतीनं सही केली होती. ती म्हणाली, त्या कोपऱ्यावर दिवा आला तर मला बरंच वाटेल. गर्दीची तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी विचारलं, गल्लीत वाट अडण्याचा त्रास किती दिवसांपासून आहे. ते विचारात पडले, कारण गल्लीत आडवा उभा असलेला ट्रॅक्टर त्यांचाच होता.

दारुड्यांविषयी कुणीच सही करून दिलं नाही. अर्जात लिहिणं सोपं होतं. आपल्या नावापुढं, आपल्या शब्दांत सांगायची वेळ आली की ते आपोआप गळून पडायचं. हे माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मी चकित होऊन बघत होतो. त्या कुणाशी वाद घालत नव्हत्या. कुणाला खोटं पाडत नव्हत्या. फक्त विचारत होत्या आणि थांबत होत्या.

अध्यक्ष स्वतःच आले, एका रविवारी दुपारी. मी आतल्या खोलीत सिस्टरांच्या फॅनची वायर जोडत होतो. अध्यक्षांना मी दिसत नव्हतो, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांनी अर्जातली कारणं एकेक करून सांगितली. सिस्टर म्हणाल्या, "हे कागदावरचं झालं. तुमचं दुखतं कुठं?"

बराच वेळ नुसता फाटकाबाहेरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज. मग अध्यक्षांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खूप खालचा.

"सिस्टर, तुमचं येगळं हाय. तुमी घरच्यासारख्या. पन पोरीचं जमवून राहिलो मी. उद्या पाहुन्यानं इचारलं, कॉलनीच्या तोंडाशी हे कोनाचं हॉटेल हाय, तर मी काय सांगू?"

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग सिस्टरांनी त्यांचेच शब्द त्यांना वाचून दाखवले, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. आणि म्हणाल्या, सही करा.

अध्यक्षांनी सही केली नाही. सिस्टरांनी तो कागद घडी करून त्यांच्याच हातात दिला. "बिनसहीचा केसपेपर मी ठेवत न्हाई. घेऊन जा."

ते गेल्यावर मी उसळून बाहेर आलो. म्हणालो, हा कागद तुम्ही द्यायला नको होता. मी ऐकलंय सगळं. नगरपालिकेचे साहेब पाहणीला येतील त्यांच्यापुढं मी साक्ष देतो, अर्जामागं खरं काय आहे ते एकदा कळू द्या. सिस्टरांनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "वार्डातलं वार्डात ठेवायचं असतं. त्यांनी मला सांगितलं, तुमाला न्हाई."

मी तरीही बडबडत होतो. तेव्हा त्यांनी विचारलं, "दादा, तुमच्या आईला ठावं हाय का, तुमी कोनाच्या घरात राहता?"

ठाऊक नव्हतं. दोन वर्षं झाली होती. घरी मी फक्त एवढंच सांगितलं होतं की एका रिटायर्ड नर्सबाईंकडे राहतो. सिस्टरांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी ते ताप विचारावा तसं विचारलं होतं. पुढच्या शनिवारी गावी गेलो तेव्हा आईला सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मला पहिल्याच म्हयन्यात कळलं होतं. तू कधी सांगतो, बघत होते."

सिस्टरांचा सगळ्यात कडक केसपेपर त्यांचा स्वतःचा होता. तक्रार: स्वयंपाकाची भट्टी माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून येत आहे. भिंत तापेल. कशानं कमी होतं: भट्टी भिंतीपासून सहा फूट लांब नेल्यास. खाली सही.

डोंगरकड्याच्या बाईला हे कळलं तेव्हा ती तरातरा आली. उंच, कष्टानं रापलेली बाई, बारा वर्षं मोंढ्यात उभं राहून भाकरी थापल्यानं गुडघे गेलेले. भट्टी सहा फूट सरकवायची म्हणजे बसायची निम्मी जागा जाणार होती. ती दारातच म्हणाली, "ताई, परक्यांचं समजू शकते मी. आपलंच मानूस आडवं आलं तर जावं कुठं?"

सिस्टरांनी तिला पलंगावर बसवलं, पाय वर घ्यायला लावले. मग म्हणाल्या, "आपली म्हनून आज गप्प बसले, तर उद्या भिंत तापल अन् मी तुझ्यावर मनात कुढत बसन. ते बरं, का हे बरं?"

बाई पाय खाली घेऊन उठली. तिचा राग गेला नव्हता. ती सिस्टरांशी बोलेनाशी झाली, आणि सिस्टरांनीही तिची समजूत घातली नाही. कॉलनी म्हणत होती, सिस्टर त्या लोकांच्या बाजूनं आहेत. ते लोक म्हणत होते, सिस्टर कॉलनीच्या बाजूनं आहेत. मधल्या काळात त्यांच्याकडे रक्तदाब मोजायला येणारेही कमी झाले. तरी त्या पिशवी घेऊन पुढच्या घराकडे निघायच्या.

राहिले होते पेशकार.

हॉटेलच्या घराच्या पलीकडचं घर पेशकारांचं. तहसीलीत पेशकार म्हणून निवृत्त झालेले, तेच नाव चिकटलेलं. चारपाच वर्षांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून उजवं अंग आणि वाचा गेली. त्यांची खाट खिडकीला लावलेली. खिडकीतून हॉटेलच्या घराचं मोकळं अंगण दिसायचं, आणि अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीवरून मोठा रस्ता. अर्जात 'वृद्धांचे हाल' असं जे होतं ते त्यांच्याकडे बघूनच लिहिलेलं. त्यांच्या मुलानं दारातच सांगितलं, बाबांना धुराचा त्रास होईल, लिहून घ्या. सिस्टर आत जाऊन खाटेशी बसल्या.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की डाव्या हाताची बोटं धरतात. मग ठरलं, एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्जातला एकेक मुद्दा विचारला. धुराची भीती वाटते? नाही. वासाची? नाही. माणसांच्या वर्दळीची? नाही. मुलगा म्हणाला, सिस्टर, त्यांना समजत नाही हो आता. सिस्टर म्हणाल्या, समजत नसतं तर हो म्हणाले असते.

चौथ्या दिवशी त्या मला सोबत घेऊन गेल्या. एक जुनी चादर आणि दोन लांब बांबू होते. मला आणि पेशकारांच्या मुलाला त्यांनी बाहेर पाठवलं आणि अंगणाच्या भिंतीपाशी बांबूंना बांधलेली चादर उंच धरायला सांगितली. दहा फूट, अर्जात होती तेवढी. आम्ही उन्हात बांबू धरून उभे. चादरीमुळं आम्हाला आतलं दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं पेशकारांच्या बायकोनं, काकूंनी, आम्हाला हाक मारली. आत गेलो तर पेशकारांनी सिस्टरांचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि गोऱ्यामोऱ्या चेहऱ्यानं ते खिडकीकडे बघत होते. बोटं सोडवेनात. सोडवली तेव्हा सिस्टरांच्या मनगटावर लाल वळ उठले होते.

तक्रारीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'ही भिंत चालेल का, असं विचारलं. दोनदा हात दाबला. सोडला नाही.' खाली पेशकारांच्या डाव्या हाताचा अंगठा.

त्या भिंतीची मागणी कॉलनीनं केली होती. डोंगरकड्याच्या जोडप्यानं ती लगेच लेखी मान्यही केली होती, तेवढ्यानं भांडण मिटत असेल तर मिटो म्हणून. दोन्ही बाजूंचं जिथं एकमत झालं होतं, ती एकच गोष्ट एका माणसाच्या जिवावर येणार होती, आणि त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मुलगा खाटेच्या पायथ्याशी बसला. रोज बापाला भरवणारा, पुसणारा चांगला मुलगा होता तो. म्हणाला, मला वाटलं, मला माहीत आहे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सिस्टरांनी सगळे केसपेपर गॉजच्या पट्टीनं बांधून नगरपालिकेच्या ऑफिसात दिले. काही दिवसांनी साहेब जागेच्या पाहणीला आले. तरुण होते, कमी बोलणारे. अध्यक्ष पुढं झाले आणि सगळ्यांच्या वतीनं बोलू लागले. साहेबांनी ते ऐकून घेतलं, मग पिशवीतून सिस्टरांचा गठ्ठा काढला आणि एकेकाचं नाव घेऊन त्यालाच विचारत गेले. कुरडयांच्या वहिनी बोलल्या. भरतीवाली मुलगी बोलली. नालीचं बोलणं झालं. सिस्टर आपल्या पायरीवर नुसत्या उभ्या होत्या.

शेवटी साहेब खिडकीपाशी आले. पेशकारांचा मुलगा सवयीनं सांगू लागला, "साहेब, बाबांचं असं आहे की..." आणि स्वतःच थांबला. बाजूला झाला. साहेबांनी गजातून हात आत घातला, पेशकारांचा डावा हात धरला आणि विचारलं, इथं उंच भिंत बांधू का? ऊन चढलं होतं. सगळी कॉलनी गल्लीत उभी होती, अध्यक्षसुद्धा.  किती वेळ गेला सांगता येणार नाही. साहेबांनी हात काढून घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं.  

परवानगी मिळाली, अटींसह. धुराडं मागच्या गच्चीच्या वर. तेलकट पाण्याला वेगळी टाकी. कोपऱ्यावर दिवा. गल्लीत वाहनं उभी करायची नाहीत. भट्टी सामाईक भिंतीपासून सहा फूट लांब. अंगणाची भिंत आहे तेवढीच. मी तो आदेश वाचला आणि सिस्टरांच्या कागदांतला 'कशानं कमी होतं' हा रकाना मला ओळीनं आठवत गेला. कॉलनीनं वर्षानुवर्षं एकमेकांना न सांगितलेलं सगळं त्यात सहीशिक्क्यानिशी उतरलं होतं.

हॉटेल चालू झालं. अध्यक्ष वर्षभर तिकडं फिरकले नाहीत. पुढं त्यांच्या मुलीचं जमलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गावाकडून अचानक पाहुणे आले, तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन चाळीस माणसांचं जेवण सांगितलं. डोंगरकड्याच्या बाईनं ते वेळेवर पोचवलं. तिचं आणि सिस्टरांचं बोलणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. एके दिवशी बघितलं तर बाई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि सिस्टर तिच्या गुडघ्याला मलम चोळत होत्या.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला पेशकारांकडे गेलो. ते खिडकीशी होते, रस्ता बघत. काकूंनी चहा दिला. बोलता बोलता मी म्हणालो, सिस्टरांनी चार दिवस घालवले म्हणून, नाहीतर भिंत झालीच असती. काकू थोडा वेळ पदर नीट करत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला ठावं न्हाई का? सिस्टरनं हे घर घेतलं तवा, तिला सोसायटीत घेऊ नये म्हनून कागद यांनीच लिवला होता. घरोघर हेच फिरले सह्या घ्यायला. तवा यांचं अक्षर लई चांगलं होतं."

मी विचारलं, सिस्टरांना हे माहीत आहे?

"माहीत काहून नसंल? सोसायटीच्या हापिसात कागद तिच्याच हातात दिला होता वाचायला. यांनीच दिला."

मी घरी आलो तेव्हा सिस्टर ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. चार वर्षं मी त्यांच्याजवळ राहिलो, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघताना मला पहिल्यांदाच थोडी भीती वाटली. फार उंच कड्याखाली उभं राहिल्यावर वाटते तशी. मी त्या जुन्या कागदाबद्दल विचारलं. काकूंनी सांगितलं, हेही सांगितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई लांबलचक होता. माझ्याबद्दल सगळं लिवलं होतं त्याच्यात. मी कशी हाय, मी आल्यावर काय काय हुईल."

दोनचार काड्या निवडून झाल्या.

"मला तेवढं कुनी इचारलं न्हाई, की बाई, तुझं काय म्हननं हाय. तेच दुखलं होतं."